रविवारी अडीच वाजता वही घेऊन या: आमच्या अभ्यासकेंद्राविषयी

बारावीनंतर तब्बल चौदा वर्षांनी मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला नाव घातलं. अंबडला पॅकिंगच्या कामावर आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. गोवर्धनचं आपलं हे विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच आमच्यासारख्या, नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. पुस्तकंही एकट्याने वाचून समजावीत अशीच लिहिलेली. तरी अकाउंट्स काही माझ्या डोक्यात शिरेना.

आधी एका खाजगी क्लासची फी भरली. सर भराभर फळा भरायचे, शंका विचारली की "पुढच्या वेळी बघू". ती पुढची वेळ आलीच नाही. दोन महिन्यांत क्लास सोडला.

मग मैत्रिणीने अभ्यासकेंद्रावरच्या रविवारच्या शंका-तासाला ओढून नेलं. आम्ही सातच जणी. मॅडमनी काही शिकवायच्या आधी माझी वही मागितली आणि शांतपणे चार पानं वाचली. घसाऱ्याच्या, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी किती घटते त्याच्या, गणितात त्यांचं बोट थांबलं. पन्नास हजारांचं यंत्र, घटत्या शिल्लक पद्धतीने दहा टक्के घसारा, आणि मी दरवर्षी पाच हजारच वजा करत गेले होते. "डब्यात जेवढी भाजी उरली, तिचाच दहावा भाग काढायचा, सकाळच्या भरलेल्या डब्याचा नाही," एवढंच म्हणाल्या. मी तिथेच बसून परत केलं: ५,०००, मग ४,५००, मग ४,०५०. तीन महिने अडलेली गोष्ट पाच मिनिटांत सुटली. माझे डोळे भरून आले होते, खरंच सांगते.

नंतर त्यांनी माझ्या शिफ्टचं वेळापत्रक विचारलं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा गणितं, फर्स्ट शिफ्टला संध्याकाळी थकून येते तेव्हा थिअरीचं नुसतं वाचन, असं कागदावर मांडून दिलं. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. इतक्या वर्षांत "तुला वेळ कधी मिळतो?" असं मला शिकवणाऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.

दोन गोष्टी सुधाराव्यात. तासाची वेळ बदलली की ती फक्त नोटीस बोर्डावर लागते. सिडकोतून बस पकडून यायचं आणि दाराला कुलूप बघून परत जायचं, हे माझ्या बाबतीत एकदा झालंय. व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकली तरी पुरे. आणि प्रवेशाच्या वेळीच असा सल्ला मिळायला हवा, कारण माझ्याबरोबरच्या दोघींनी पहिल्या परीक्षेआधीच शिकणं सोडलं. त्यांना या तासाची खबरच नव्हती.

फी वेगळी पडत नाही. जाताना कोरी वही नेऊ नका, चुकलेली गणितं न खोडता तशीच न्या. मॅडम तिथूनच सुरुवात करतात.