केडीई प्लाझ्माचं टचपॅड सेटिंग: दोन महिन्यांनंतर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बिलं मीच लॅपटॉपवर टाईप करते, कुबुंटू २४.०४ वर (ही लिनक्सची एक आवृत्ती; तिचा डेस्कटॉप म्हणजेच केडीई प्लाझ्मा), मागे यंत्रमागांची धडधड चालू असताना.

मध्यंतरी फार मनस्ताप झाला. ‘७२० नग’ लिहायला घ्यावं, तळहाताचा कड टचपॅडला लागावा आणि शेवटचा शून्य थेट दराच्या रकान्यात! एक बिल तर तसंच व्यापाऱ्याकडे गेलं. शेवटी सिस्टीम सेटिंग्जमधलं टचपॅडचं पान उघडलं. ‘टाईप करताना टचपॅड बंद’ ही खूण मुळात चालूच असते. भाच्याने गेमसाठी ती काढली होती, कारण ती असली की बटणं दाबत असताना टचपॅड हलतच नाही. खूण परत केली, अप्लाय दाबलं, लगेच फरक. कंट्रोल, शिफ्ट दाबलं तरी टचपॅड चालू राहतो, ही जाण मला फार आवडली.

राईट क्लिकही उजव्या कोपऱ्यातून काढून दोन बोटांवर नेला. कोपरा शोधायचा त्रास संपला. टॅप करून क्लिक, स्क्रोलची उलटी दिशा, सगळं त्याच पानावर. कमांड लिहावी लागली नाही.

एकच नाराजी: तीन-चार बोटांनी टचपॅडवर करायचे इशारे (जेश्चर) वेलँडमध्ये (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत, लॉगिन करताना निवडायची) लॉगिन केलं तरच चालतात, आणि तिथेही ते या पानावरून बदलता येत नाहीत. त्यासाठी अर्धा तारा कापते. पाचपैकी साडेचार.