डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या नावाखाली २९,२९९ रुपये : बडोद्याच्या गाडीमालकांनो, सावध राहा

नंदेसरी आणि कोयलीच्या बाजूला कारखान्यांत गाड्या लावणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. माझ्या गाड्या एका रासायनिक कारखान्याच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करतात आणि चालकाकडे डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचे, म्हणजे इतरांच्या चुका गृहीत धरून अपघात टाळत गाडी चालवण्याचे, चालू मुदतीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय तिथे गेटपास मिळत नाही. पाच चालकांची प्रमाणपत्रे संपत आली असतानाच मला फोन आला की, हा कोर्स आता ऑनलाइन होतो, चालकाला ड्यूटी बुडवावी लागत नाही आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात पडते.

मी सहज भुलणारा माणूस नाही. परंतु फोनवरच्या माणसाला माझ्या कारखान्याचे नाव माहीत होते, कोणत्या गेटवर कागद तपासले जातात हे माहीत होते, इतकेच नव्हे तर सेफ्टी ऑफिसर नवीन चालकांना कोणत्या वारी बोलावतात हेही तो सांगत होता. ही माहिती बाहेर गेली कशी, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. त्यात तो शुद्ध मराठीत बोलत होता आणि आपले घर बडोद्यातल्याच दांडिया बाजारात असल्याचे सांगत होता. धंद्यासाठी दिवसभर गुजराती बोलणाऱ्या माणसाला असा आवाज घरचा वाटतो आणि याच गोष्टीचा त्याने फायदा घेतला.

प्रत्येक चालकामागे २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे २,३६०, म्हणजे पाच जणांचे ११,८०० रुपये मी यूपीआयने भरले. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीतून सूट मिळवण्याचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे ७,५०० रुपये घेतले गेले. शेवटी प्रमाणपत्रांची नोंद कारखान्यांच्या यादीत चढवण्यासाठी ९,९९९ रुपयांची अनामत मागितली, जी चोवीस तासांत परत मिळणार होती. जी चाचणी या प्रशिक्षणाचा प्राण आहे तिच्यातूनच पैसे घेऊन सूट देणारी संस्था खरी असूच शकत नाही, हे इतरांनी लक्षात ठेवावे.

सर्व काही उघड होण्याचा क्षण त्याआधीच येऊन गेला होता आणि तो आठवला की आजही माझा संताप होतो. आमच्याकडचे सर्वांत जुने चालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, कोर्सचा व्हिडिओ थांबवून मोबाइल घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “शेठ, यात स्टिअरिंग डावीकडे आहे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालली आहे.” मी स्वतः पाहिले. वेग मैलांत सांगितला जात होता, पिवळ्या स्कूलबसमागे थांबण्याचा नियम शिकवला जात होता आणि ओव्हरटेक करण्यापूर्वी डाव्या खांद्यावरून मागे पाहा असे सांगितले जात होते. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून होतो. त्यामुळे एखाद्या नवख्या चालकाने हा धडा मनावर घेऊन एक्सप्रेसवेवर डावीकडे पाहत गाडी उजवीकडे काढली असती, तर पैसे जाण्यापेक्षा फार मोठे काहीतरी झाले असते. मी ताबडतोब फोन केला तेव्हा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असून बचावाची तत्त्वे जगभर सारखीच असतात, असे उत्तर मिळाले. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवण्यासारखी तत्त्वे खरोखरच सगळीकडे सारखी आहेत, म्हणून ते उत्तर पटण्यासारखे होते. शिवाय गेटपास बंद होण्याची तारीख डोक्यावर होती, हे घरबसल्या दोष देणाऱ्यांनी विसरू नये.

परीक्षेत २० प्रश्न होते आणि पाचही चालकांना ९२ टक्के गुण मिळाले. २० प्रश्नांत प्रत्येक प्रश्नाला पाच टक्के धरले तर ९० येतील किंवा ९५ येतील, ९२ येऊच शकत नाहीत. तुमच्या हातातही असे प्रमाणपत्र असेल तर आधी हा हिशेब करा. पावतीवर पत्ता बडोद्यातील अलकापुरीचा होता, मात्र कर आयजीएसटी म्हणजे दोन राज्यांमधील व्यवहारावरचा जीएसटी म्हणून लावला होता. विकणारा आणि घेणारा दोघेही गुजरातचे असतील तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी प्रत्येकी ९ टक्के लागतो आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होतो. त्या पावतीवरचा क्रमांक मोजला तर चौदाच अक्षरांचा निघाला, तो पंधरा अक्षरांचा असावा लागतो.

गेटवर सेफ्टी ऑफिसरांनी क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा प्रमाणपत्राचे केवळ एक छायाचित्र उघडले, नोंद कुठेच नव्हती. चालक बाहेर थांबले आणि बदली गाड्यांवर माझे आणखी १४,४०० रुपये गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. हा फोन पहिल्याच तासात करावा आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक समोर ठेवावा. पोलीस ठाण्यात मला ऐकवण्यात आले की, प्रमाणपत्र मिळालेले आहे, म्हणजे हा दिवाणी वाद आहे. सायबर शाखेने रक्कम लहान आहे म्हणून पुन्हा ठाण्याकडे पाठवले आणि ठाण्याने खाते दुसऱ्या राज्यातील असल्याचे कारण पुढे केले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. हे मी लेखी दिले, तेव्हा अर्ज गुजरातीत लिहून आणा असे सांगण्यात आले आणि गुजरातीत नेला तेव्हा संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते. बँकेने तर पिन तुम्हीच टाकला असे म्हणून फाइल मिटवली. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, हे खरे आहे. परंतु ज्या खात्यात आमचे पैसे गेले ते खाते कोणत्या कागदपत्रांवर उघडले गेले, हे विचारण्याचे काम माझे आहे का?

पैसे भरण्यापूर्वी कारखान्याच्या सेफ्टी विभागाकडून मान्य प्रशिक्षकांची यादी लेखी मागून घ्या. टँकरवालेही यात सापडू शकतात, कारण आपले प्रमाणपत्र घातक रसायनांच्या वाहनांनाही चालते असा तो माणूस दावा करतो. अशा वाहनांच्या चालकांसाठी असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि परवान्यावर परवाना प्राधिकाऱ्याची नोंद लागते, ती कोणत्याही मोबाइल कोर्सने मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका कंत्राटदाराला गेल्या आठवड्यात हाच कोर्स प्रत्येकी ३,५०० रुपयांना देऊ केला आहे. संस्थेचे नाव बदलले आहे, पण नमुन्याच्या प्रमाणपत्रावरील गुण ९२ टक्केच आहेत.