आग्यामोहोळ काढून घेतलं, त्याला सात महिने झाले

नोव्हेंबरात सेवा घेतली आणि त्याच रात्री पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले. घाई झाली. निदान एक हंगाम जाऊ द्यायला हवा होता. परवा त्यांचाच मेसेज आला, ‘वॉरंटी वाढवून घ्या, सवलत आहे’. तो वाचून जे डोकं फिरलं त्यातून हे लिहिते आहे.

घर पुण्यात, वारज्याच्या बाजूला, सहाव्या मजल्यावर. दसऱ्यानंतर बेडरूमच्या खिडकीवरच्या छज्ज्याखाली आग्यामोहोळ लागलं आणि बघता बघता दोन हात रुंद झालं. चावतील याची भीती सगळ्यांनीच घातली. माझं दुखणं वेगळं होतं: पिवळे ठिपके. या माश्या झुंडीने बाहेर पडतात आणि उडता उडता शी करतात. मोहरीएवढे पिवळे थेंब दोरीवरच्या कपड्यांवर, कुंड्यांवर, खाली लावलेल्या गाड्यांवर. वाळला की थेंब नखाने निघतो, डाग मात्र बसतो. साबणाने मधला भाग फिका होतो, कडा राहतेच. एका पांढऱ्या अभ्र्यावर मी 19 ठिपके मोजले. ह्यांना हा वेडेपणा वाटतो. पण याच ठिपक्यांवरून महासत्ता भांडल्या आहेत, हे मला तेव्हाच वाचताना कळलं. 1981 साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आरोप केला होता की लाओस-कंबोडियात सोव्हिएत मदतीने विषाचा ‘पिवळा पाऊस’ पाडला जातोय. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेंब तपासले तर त्यात परागकण भरलेले! मधमाश्यांची शी निघाली. तेव्हा मी अभ्रे मोजले तर काय बिघडलं?

आता सेवेबद्दल. जाहिरात अशी: विषारी फवारणी नाही, माश्या जिवंत काढून पेटीत पुनर्वसन, एक वर्ष वॉरंटी. 3,500 रुपये. घासाघीस केली, एक रुपया सुटला नाही. दोघे जण अंधार पडल्यावर आले. काम करताना खरंच बघत राहावं असं होतं. एक जण गच्चीवरून दोरावर उतरला, अंगभर पांढरा झगा, तोंडावर जाळी, हातात धुराचा डबा. आम्हाला घरातले सगळे दिवे बंद करायला लावले, कारण आग्या माशी रात्री दिव्यावर झेपावते. अर्ध्या तासात पोळं कापून बादलीत. मधाची कांदी, म्हणजे पोळ्यातला मधाने भरलेला भाग, त्यांनी ठेवून घेतली. पावतीवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मागितल्यावर वाटीभर मध दिला, तोही मेणाच्या चुऱ्यासकट. सासूबाई म्हणाल्या, “मोहोळ आपल्या घराचं आणि मध त्यांचा?” मी त्या रात्री खुशीत होते, म्हणून सोडून दिलं.

सकाळी पडदा सरकवला तर माश्या परत त्याच जागी! पोळं नाही, नुसता काळा लोंबता घोस. फोन केला. “ताई, चार दिवसांत जातील.” पाचव्या दिवशी गेल्या, हे कबूल करायला हवं. पण मग पेटीत पुनर्वसन कुणाचं झालं? माझ्या भाच्याने शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेतलंय. तो हसायलाच लागला. पेटीत राहते ती सातेरी जातीची मधमाशी, कारण ती मुळात झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या खोक्यात अंधारात एकाला एक समांतर पोळी बांधणारी. आग्याचं एकच पोळं, तेही उघड्यावर, उंच जागी. तिला पेटीत कोंडून ती नांदत नाही. म्हणजे जाहिरातीतली पेटी शोभेची.

खरा घोळ त्यांनी मागे ठेवला तो मेणाचा पट्टा. पोळं कापलं तरी स्लॅबला चिकटलेलं मेण तसंच होतं, आणि त्या वासावर नवा थवा तीच जागा हुडकत येतो. “घासून देणे यात धरलेलं नाही, 800 वेगळे.” अहो, मग 3,500 कशाचे घेतलेत? दिले नाहीत. डिसेंबरात सोसायटीच्या रंगकामाचा झुला आमच्या खिडकीसमोर आला, तेव्हा रंगाऱ्याला चहा आणि 200 रुपये देऊन काम करून घेतलं. मेण 62 ते 64 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून त्याला उकळत्या पाण्याची किटली दिली. पत्र्याने खरवडायचं, गरम फडक्याने पुसायचं, वर रंगाचा हात. त्या छज्ज्याला आजवर एक माशी बसलेली नाही. पूर्ण प्रकरणात पैसे वसूल झाले ते या 200 रुपयांचे.

फेब्रुवारीत नवा थवा आला, शेजारच्या खिडकीच्या छज्ज्याखाली. अंतर चार फूट. वॉरंटीची आठवण करून दिली तर, “मॅडम, वॉरंटी त्याच जागेची असते.” पावती काढून वाचली. ‘त्याच जागी’ असंच छापलंय. नोव्हेंबरात मी ताई होते, फेब्रुवारीत मॅडम झाले.

इथवर लिहून एक तारा द्यायचं ठरवलं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. त्याच सुमारास मागच्या इमारतीत स्वस्तात फवारणी करून घेतली. दोन दिवस जिन्यात मेलेल्या माश्यांचा सडा. त्यांचा वॉचमन अनवाणी मेलेल्या माशीवर पाय देऊन बसला, आणि मेलेल्या माशीची नांगीही लागते. विषारी मध ठिबकत राहिला तो वेगळाच. आमच्याकडे तसं काही झालं नाही. म्हणून दोन तारे वाढवले. तीन.

दुसरं मोहोळ मी काढलंच नाही, परत 3,500 घालवायची तयारी नव्हती. भाचा म्हणाला, “मावशी, उन्हाळा संपता संपता आपोआप जातील. फक्त त्यांना छेडू नका.” त्या बाजूची खिडकी बंद ठेवली आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आत 240 रुपयांचा जाड पडदा ओढून घ्यायचा नेम केला. आधी रोज स्वयंपाकघरात ट्यूबखाली सात-आठ माश्या पडलेल्या असायच्या, त्या बंद झाल्या. ह्यांना एकदा चावली, ती गॅलरीत कूलरच्या पाण्यावर बसलेली माशी झटकायला गेले म्हणून. नांगी नखाने काढा नाहीतर चिमटीने, पण लगेच काढा. आणि त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास आला तर लगेच आत या, तो बाकीच्यांना बोलावणारा वास असतो. ज्यांना चावल्यावर अंगावर गांधी उठतात किंवा श्वास लागतो, त्यांनी मात्र माझ्यासारखी काटकसर करू नये. सरळ दवाखाना गाठावा, आणि मोहोळ जाणत्या माणसाकडून काढून घ्यावं.

दोरी स्वयंपाकघराच्या बाजूला बांधली. एप्रिलभरात अभ्र्यांवर एकूण 2 ठिपके.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सगळ्या गेल्या. रिकामं पोळं पापडासारखं हलकं झालं होतं; ह्यांनी खिडकीतून झाडूच्या दांड्याने पाडलं. वर मेणाचा पट्टा तसाच आहे. झुला पावसाळ्यानंतर परत येणार म्हणतात. दसऱ्याच्या आधी आला तर किटली तयार आहे. वॉरंटीचं म्हणाल तर ती 12 नोव्हेंबरपर्यंत आहे, अर्थात त्याच जागेची.