शेअर्ड पार्किंगचं एक्सेल मॉडेल: गणित चोख, तक्ते मात्र अमेरिकेचे

खाली दुकानं आणि रेस्टॉरंट्स, मधे ऑफिसं, एका बाजूला मल्टिप्लेक्स आणि मागे फ्लॅटचे टॉवर. असा प्रकल्प आला की प्रत्येक वापराची पार्किंगची गरज काढायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि तेवढी तळघरं खणायची, ही आपली नेहमीची रीत. दिल्लीच्या मास्टर प्लॅनने एका गाडीमागे उघड्यावर २३, स्टिल्टखाली (इमारत खांबांवर उचलून खाली मोकळ्या ठेवलेल्या मजल्यात) २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरली आहे. म्हणजे बेरजेत १०० गाड्या उगाच फुगल्या, तर ३,२०० चौरस मीटर खोदकाम फुकट गेलं.

पण सगळ्यांची गर्दी एकाच तासाला होत नाही; दिवसा ऑफिसची असलेली जागा रात्री थिएटरला वापरता येते. अर्बन लँड इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेचं 'शेअर्ड पार्किंग' हे पुस्तक आणि त्याचं एक्सेल मॉडेल हा फुगवटा काढण्यासाठीच आहे. पहिली आवृत्ती १९८३ ची, दुसरी २००५ ची, सध्याची तिसरी २०२० ची. पुण्या-मुंबईत ते कितपत चालतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

गणित सरळ आहे. क्षेत्रफळ गुणिले मूळ दर (ठरावीक क्षेत्रफळामागे लागणाऱ्या जागा), गुणिले महिन्याचा टक्का, गुणिले तासाचा टक्का (त्या महिन्यात किंवा तासाला कमाल गर्दीच्या किती टक्के गाड्या असतात). मग गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण लावायचं आणि जे आधीच त्याच आवारात आहेत त्यांना वगळायचं. ग्राहक आणि कर्मचारी वेगळे, कामाचा दिवस आणि वीकेंड वेगळा. सकाळी ६ पासून मध्यरात्रीपर्यंत हा हिशेब तासातासाने होतो, आणि ज्या तासाची बेरीज सर्वात मोठी, ते उत्तर. ही शिस्त इतकी चांगली आहे की गणिताला पाचपैकी पाच द्यायला हरकत नाही.

हे टक्के ज्यांतून येतात त्या तक्त्यांना आपल्याकडे दोनच मिळतील. समजा ऑफिसला कमाल ३०० गाड्या लागतात, दुकानांना २००, रेस्टॉरंट्सना १००, थिएटरला ८०. साधी बेरीज ६८०. अमेरिकन धर्तीचे टक्के लावले, तर दुपारी २ वाजता ३०० + १९० + ६५ + ४४ म्हणजे ५९९ आणि रात्री ८ वाजता २१ + १६० + १०० + ८० म्हणजे ३६१. उत्तर ५९९, ८१ गाड्या वाचल्या. आता पुण्यातल्या हिंजवडी-खराडी या आयटी भागांच्या धर्तीचा दिवस धरा (टक्के उदाहरणादाखल): दुपारी दुकानं जेमतेम ४५ टक्के, रात्री भरलेली आणि दुसऱ्या शिफ्टमुळे ८ वाजताही ऑफिस ६० टक्के. दुपारी २ ला ४९९, रात्री ८ ला १८० + २०० + १०० + ८० = ५६०. एकूण आकडा फारसा हलला नाही, पण गर्दीचा तास दुपारवरून रात्रीवर गेला. थिएटरवाल्याला 'संध्याकाळी ऑफिसच्या २७९ जागा मोकळ्या मिळतील' असं सांगून ठेवलेलं असतं. प्रत्यक्षात मोकळ्या असतात १२०. भांडण तिथेच सुरू होतं.

महिन्यांच्या तक्त्याचीही तीच गत. मॉडेलमध्ये बारा महिन्यांखेरीज डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांसाठी वेगळा रकाना आहे, कारण तिकडचा हंगाम नाताळाचा. आपली दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. तेव्हा तो जादा रकाना दिवाळीआधीच्या पंधरवड्याला द्यावा आणि पितृपक्षाची मंदी वेगळी मोजावी. सुट्टीचाही घोळ आहे: शनिवारी चालू असणारी ऑफिसं आपल्याकडे भरपूर, आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. 'वीकेंड' या एका शब्दात हे मावत नाही.

सर्वात मोठी उणीव दुचाकीची. मॉडेल मोजतं फक्त कार. पुण्यात दुचाकी सोडून पार्किंगचा अंदाज काढणं म्हणजे मीठ न घालता भाजी चाखणं. दुचाकीला पाव कार धरून सगळं एकाच आकड्यात बसवण्याचा मोह टाळा. दुचाकीसाठी वेगळी शीट करा, कारण जागाही वेगळी लागते: १ × २ मीटरचे पट्टे, शक्यतो पहिल्याच तळघरात, कारच्या रांगेपासून वेगळा रॅम्प. पावसाळ्यात काही दुचाकीवाले कार काढतात, म्हणून जुलैची मोजणी ऑक्टोबरला जशीच्या तशी लावू नये.

क्षेत्रफळ भरतानाही चूक होते. तिकडचे दर भाड्याने देता येण्याजोग्या दर १,००० चौरस फुटांवर आहेत. २००५ च्या आवृत्तीत ४ लाख चौरस फुटांपर्यंतच्या शॉपिंग सेंटरला वीकेंडला ४ जागा. ब्रोकरने दिलेला 'सेलेबल' (जिने, लॉबी वगैरेंचा वाटा धरून विकला जाणारा) आकडा तिथे टाकला की लोडिंग, म्हणजे हा वाढीव वाटा, जितकं, तितकी मागणी फुगते. दुसरी चूक दोनदा वजावट करण्याची. मूळ दर आपल्याच आवारात मोजून काढला असेल, तर मेट्रोने आलेले आणि वरच्या ऑफिसातून जेवायला उतरलेले त्यात आधीच वगळलेले असतात. पुन्हा टक्के कापले की उत्तर खोटं पडतं.

म्हणून मॉडेल उघडण्याआधी मोजणी. तत्सम दोन-तीन आवारं निवडा. बूम बॅरियरच्या नोंदींतून 'आत वजा बाहेर' काढता येतं, पण बॅरियर उघडा ठेवलेल्या वेळेत सुटलेल्या गाड्यांमुळे आकडा दिवसागणिक सरकत जातो. रोज पहाटे ५ ला हाताने मोजून तो जुळवून घ्या. कामाचा दिवस, शनिवार, रविवार, तिन्ही हवेत. रस्त्यावर आणि गल्लीत लागलेल्या गाड्याही मोजा. आतलं पार्किंगचं शुल्क जास्त असलं की खरी मागणी बाहेर उभी असते आणि तळघर उगाच मोकळं दिसतं. अशा मोजणीचे आकडे घातले तर वर ५ ते १० टक्के मोकळीक स्वतः धरायला हवी. शेवटची रिकामी जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या रॅम्प अडवतात.

आणि हे सगळं लागू पडतं ते फक्त नाव न लिहिलेल्या जागांना. राखीव जागा रात्रंदिवस शंभर टक्के भरलेलीच धरायची, मग मालक परदेशात का असेना. फ्लॅटधारकांच्या जागा आधी वेगळ्या काढा आणि उरलेल्यांवरच तासांचे टक्के लावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या नहालचंद खटल्यात उघडं आणि स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असं ठरवलं, तरी वाटप आणि रंगवलेले नंबर थांबलेले नाहीत.

यांत्रिक पार्किंगचंही तसंच. खड्डा नसलेल्या दोन मजली स्टॅकमध्ये खालची गाडी निघाल्याशिवाय वरची उतरत नाही. त्या दोन जागा अनोळखी माणसांत वाटता येत नाहीत. त्या एकाच ऑफिसला द्या किंवा तिथे माणूस उभा करा. पझल पार्किंग (गाड्यांचे पाट वर-खाली आणि आडवे सरकवून हवी ती गाडी काढणारी यंत्रणा) वाटता येतं, पण सिनेमा सुटल्यावर शंभर लोक एकदम गाडी मागतात तेव्हा एकेक गाडी उतरेपर्यंत रांग लागते. थिएटरच्या गाड्या साध्या जागांवर, ऑफिसच्या पझलमध्ये.

विकत घ्यावं का? मंजुरीसाठी घेत असाल तर नको. पालिका जागा मोजते ती मुंबईत डीसीपीआर २०३४ या विकास नियंत्रण नियमावलीच्या आणि राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी यूडीसीपीआर या एकत्रित नियमावलीच्या तक्त्याने; हे मॉडेल दाखवून आकडा कमी होईल अशी आशा ठेवू नये. एकट्या इमारतीसाठी वर दिलेले गुणाकार साध्या शीटमध्ये अर्ध्या दिवसात मांडून होतात. तीन-चार वापरांचं मोठं आवार चालवणाऱ्यांनी, फॅसिलिटी मॅनेजरनी आणि वाहतूक सल्लागारांनी मात्र जरूर घ्यावं. कुठल्या ऑफिसचे पास संध्याकाळी ६ नंतर बंद करायचे, पहिले दोन तास कोणाला मोफत द्यायचे, दुकानातल्या नोकरांना कितव्या तळघरात पाठवायचं, हे ठरवताना तासवार तक्ता समोर असला की मीटिंग आवाजावर चालत नाही. सुरुवात दुकानांच्या कर्मचाऱ्यांपासून करा. सकाळी सर्वात आधी तेच येतात आणि लिफ्टजवळच्या जागा रात्री शटर पडेपर्यंत अडवून ठेवतात.