घोडबंदर रोडवरचे टर्फ: संतोष ट्रॉफीच्या ट्रायलसाठी किती कामाचे?

ऑफिस सुटल्यावर पाच-पाच जणांत तासभर खेळायचं असेल, तर ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचे टर्फ, म्हणजे जाळी लावलेली कृत्रिम गवताची छोटी मैदानं, झकास. जिल्हा संघातून पुढे संतोष ट्रॉफीपर्यंत, म्हणजे राज्य संघांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेपर्यंत जायचं असेल, तर हिशोब वेगळा.

२०२४-२५ चा हंगाम घ्या. हैदराबादेत १४ डिसेंबरला बारा संघांची अंतिम फेरी सुरू झाली, ३१ ला फायनल. बंगाल आणि केरळ या १८ दिवसांत आठ-आठ सामने खेळले, आणि फायनलचा एकमेव गोल बंगालच्या रॉबी हांसदाने इंज्युरी टाइममध्ये मारला. (त्या बारा संघांत महाराष्ट्र नव्हता.) एवढा दम टर्फवर तयार होत नाही. इथे पाच-सहा सेकंदांत समोरची जाळी येते, म्हणजे लांब स्प्रिंट नाहीच. डोक्यावरही जाळी, त्यामुळे कीपरला क्रॉस पकडायची आणि स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) हेडिंगची सवय लागत नाही. ऑफसाइड नसतो, मग डिफेन्सची लाइन धरायला कोण शिकणार? पासिंग, फर्स्ट टच, अंगावर माणूस असताना वळणं, हे मात्र इथे मोठ्या मैदानापेक्षा चांगलं घोटून होतं.

खरी अडचण जमिनीची. बऱ्याच ठिकाणी धंदा चालतो बॉक्स क्रिकेटवर. चेंडूचा टप्पा नीट उठावा म्हणून गवताचे तंतू आखूड, त्यांत भरलेले दाणे कमी. फुटबॉलला ४० ते ६० मिलिमीटरचे तंतू, खाली सिलिका वाळू आणि वर काळे रबरी दाणे लागतात. बुकिंगआधी गोलसमोर टाच दाबून बघा. सगळ्यात जास्त वापर तिथेच होतो, दाणे पायांनी कडेला सरकतात आणि ब्रश मारून परत पसरले नाहीत तर तंतू आडवे पडतात. टाच जराही रुतली नाही, तर नडग्या आणि गुडघे दुखणार हे धरून चाला. पांढऱ्या रेषाही तपासा. त्या बहुतेक कापून चिकटवलेल्या असतात. कड उचलली असेल तर बूट अडकतो. पावसाळ्यात निचरा तुंबला की दाणे तरंगून कोपऱ्यात जमतात, ते पाणी ओसरल्यावर दिसतं.

बूट टीएफ, म्हणजे बारीक रबरी खुंट्यांचे. एफजीचे, म्हणजे गवताच्या मैदानासाठीच्या बुटांचे, लांब स्टड इथे रुतून बसतात. वळताना पाऊल जागेवर राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. गवतावरच्या सरावाला एफजी वेगळे ठेवा.

शेजारी-शेजारी दोन टर्फ असतील तर मधली जाळी काढून देतात का, विचारा. आठ-आठ खेळता आलं तर निदान विंगवरून धावायला जागा मिळते. आठवड्यातून एक सराव तरी पूर्ण मैदानावर हवाच.

दर बहुधा संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चढे असतात, सकाळचा स्लॉट परवडतो. संध्याकाळी घ्यायचाच तर सलग दोन तास घ्या: आधीचा ग्रुप निघेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, पुढचा पाच मिनिटं आधीच गेटवर उभा असतो, आणि एका तासात वॉर्मअपलाच कात्री लागते.