मॅटप्लॉटलिब: एका पावसाळ्याच्या आलेखांनंतर

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या विद्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक आहे. त्याच्या नोंदींचे आलेख मी गेल्या जूनपासून पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीने, म्हणजे आलेख काढण्याच्या तयार कोडच्या संचाने, काढत आहे. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत नोंदी पाहण्यासाठी ती तयार केली आणि 2003 मध्ये सर्वांसाठी खुली केली. काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांशी तिचे इतके चांगले का जमते, हे त्यावरून समजते.

पहिला स्तंभालेख चार-पाच ओळींत तयार झाला, पण त्याखालच्या तारखा एकमेकींवर चढून काळी पट्टी झाली होती. तारखा मजकूर म्हणून दिल्या की प्रत्येक तारीख स्वतंत्र नाव समजली जाते आणि जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांची 122 नावे छापली जातात. पांडास या आकड्यांचे तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने त्यांचे खऱ्या तारखांत रूपांतर केल्यावर अक्षावर मोजक्याच खुणा राहिल्या.

चवथीच्या सुट्टीत दोन दिवस नोंद घ्यायची राहून गेली. तिथे शून्य लिहिले असते, तर ते दिवस कोरडे गेले असा खोटा अर्थ निघाला असता. म्हणून ती जागा रिकामी ठेवली. रेषालेखात रेषा तिथे तुटते, आणि तशीच ती दिसायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

खरी अडचण देवनागरीची. मूळच्या डेजावू सान्स फॉन्टमध्ये आपली अक्षरे नसल्यामुळे नुसते चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी निवडल्यावर अक्षरे आली, परंतु मी वापरत असलेल्या आवृत्तीत तालुक्यांच्या नावांपैकी ‘डिचोली’ची वेलांटी ‘ड’च्या नंतर, उजवीकडे पडली आणि ‘सत्तरी’तला जोड ‘त्त’ सुटून पाय मोडलेला ‘त्’ वेगळा दिसू लागला. मुलांच्या भिंतीवर लावायच्या तक्त्यात अशी मोडकी नावे मला चालणार नव्हती, त्यामुळे यात माझे कित्येक रविवार गेले. शेवटी आलेख पीएनजी या ठिपक्यांच्या चित्राऐवजी एसव्हीजी या रेषा आणि मजकूर वेगळे जपणाऱ्या स्वरूपात साठवला आणि त्यातील मजकूर रेषाकृतींत न बदलता मजकूरच राहील, अशी सेटिंग केली. आता अक्षरजुळणी ब्राउझर करतो आणि तिथूनच छापलेली तालुक्यांची नावे शुद्ध येतात. मात्र ज्या संगणकावर फाइल उघडायची, त्यावरही तोच फॉन्ट असावा लागतो, नाहीतर अक्षरांची रुंदी बदलून नावे स्तंभांवर सरकतात.