लातूरच्या नळाचे पाणी आणि हायपोचे आठ महिने

लातुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ते आले की पिंप, टाकी, हौद असे मिळेल ते भरून ठेवायचे ही घरोघरची रीत आहे. आमच्या घरी 100 लिटरची माशांची टाकी आहे, तीत गप्पी आणि मॉली आहेत, आणि दर आठवड्याला मी त्यातले सुमारे 30 लिटर पाणी, म्हणजे 15 लिटरच्या दोन बादल्या, बदलतो. या पाण्यातला क्लोरीन काढण्यासाठी गेले आठ महिने मी सोडियम थायोसल्फेट वापरत आहे. फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीत ज्याला हायपो म्हणत, तेच हे पांढरे खडे.

त्याआधी मी पाणी दोन दिवस शिळे करून वापरत असे. उघड्या, पसरट घमेल्यात ही रीत चालते, कारण मोकळा क्लोरीन हवेत उडून जातो. परंतु पिंप उघडे ठेवले तर डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि झाकण लावले तर क्लोरीन आतच राहतो. गेल्या पावसाळ्यात मी असेच झाकलेल्या पिंपातले पाणी टाकीत घातले. नदीचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरणाच्या वेळी क्लोरीनही जास्त लागतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. तासाभरात सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले, त्यांचे कल्ले लालभडक झाले होते, आणि सकाळपर्यंत चार मॉली मेल्या. क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो, आणि मग पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. माशांच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे, फिल्टरमध्ये वाढलेले उपयुक्त जिवाणूही त्याने मरतात, म्हणून वाचलेल्या माशांना पुढचे काही दिवस अमोनियाचाही त्रास झाला.

हायपोचे माझे प्रमाण साधे आहे. 10 ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवले की द्रावण तयार होते, आणि लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या 15 लिटरच्या बादलीला त्यातले 1 मिली पुरते, कारण क्लोरीनच्या सुमारे सातपट हायपो धरला की हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घालावे, ढवळावे आणि काही मिनिटे थांबावे. क्रिया जवळजवळ लगेच होते. अडचण अशी की पाण्यातला क्लोरीन प्रत्येक वेळी सारखा नसतो. म्हणून मी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करू लागलो. गावोगावी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर विहिरीच्या पाण्याला जी चाचणी लावतात तीच ही: नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब घातले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. हायपो घातल्यानंतर मी पुन्हा एक नळी भरून पाहतो आणि ती पाण्यासारखी नितळ राहिली तरच बादली टाकीकडे नेतो. ओटीचे द्रावण विषारी आहे, तेव्हा चाचणीचे पाणी टाकीत कधीही ओतू नये.

खर्चाबद्दल लिहावे इतका खर्चच नाही. द्रावण महिनाभरात गढूळ होऊन तळाशी गंधकाचा साका धरते, म्हणून मी दर महिन्याला फक्त 50 मिली नवे करतो आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवतो. असे आठ महिन्यांत 40 ग्रॅम खडे संपले, आणि अर्ध्या किलोची पिशवी अजून भरलेलीच दिसते. मात्र आता एप्रिलच्या उन्हात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ती ठेवली, तर खडे ओलसर होऊन एकमेकांना चिकटले. सुमारे 48 अंशांना हे खडे स्वतःतल्याच पाण्यात वितळतात, तेव्हा ती घरातल्या थंड कपाटातच हवी.

हायपो काय करत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. तो अमोनिया काढत नाही, पाण्याचा जडपणा कमी करत नाही, आणि पाणी क्लोरामाइनचे, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाने शुद्ध केलेले, असेल तर क्लोरीन निघून अमोनिया मागे राहतो. उन्हाळ्यात तापलेल्या, अल्कधर्मी पाण्यात तोच अमोनिया अधिक घातक होतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसल्याने तिथे हायपो घालण्याचे कारणच नाही. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे ते जड पाणी मॉलीला मानवते. टँकरच्या पाण्यात मात्र टीसीएल पडलेले असू शकते, म्हणून ते तपासल्याशिवाय मी घेत नाही.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात, चूक झाली म्हणून टाकी रिकामी करून पुन्हा भरण्याची चैन परवडत नाही. त्यामुळे थोडेच पाणी बदलायचे आणि ते पहिल्या खेपेलाच निर्धोक असायचे, हे मला महत्त्वाचे वाटते, आणि त्या कामात हायपोने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. गेल्या महिन्यात मॉलीला पिल्ले झाली. काढलेल्या पाण्याच्या दोन्ही बादल्या दर रविवारी कढीपत्त्याला जातात.